महिन्याला तीन दौरे

हे आठवलं की माझं डोकं आजही तापतं, तेव्हा चहा संपेपर्यंत कोणी हसायचं नाही. मूर्खपणा माझाच, पण भडकलो मी अख्ख्या दिल्लीवर!

पुण्याहून येऊन जेमतेम सहा महिने झाले होते, एका छोट्या कंपनीत विक्रीचं काम करत होतो. आर. के. पुरमला ताईच्या क्वार्टरमध्ये मुक्काम. गुडगावात तेव्हा शेतांमधून काचेच्या बिल्डिंगा उगवत होत्या. त्यातल्याच एका परदेशी कंपनीत मला सेल्सची नोकरी लागली होती, फक्त मेडिकल उरलं होतं. मला कसली भीती? रोज पंधरा किलोमीटर धावणारा माणूस मी!

डॉक्टरांनी नाडी मोजली, मिनिटाला बेचाळीस, आणि त्यांचा चेहराच पडला. "बयालीस? कभी दौरा पड़ा है?"

आता सेल्सच्या माणसाला हा काय प्रश्न झाला? मी ताठ बसलो. "सर, महीने में तीन तो पक्के!"

"तीन! पिछला कब?"

"मंगलवार को. पानिपत में."

"फिर?"

"फिर क्या? ढाबे पे दो पराठे खाए और बस पकड़ के वापस."

"घर में और किसी को?"

"पिताजी को. सरकारी नौकरी थी ना, जिंदगीभर दौरे! रिटायर हुए तब बंद हुए."

मला वाटलं, छाप पडली. डॉक्टरांनी फॉर्मवर 'अनफिट' लिहिलं आणि मला आडवं व्हायला सांगितलं!

मग मात्र माझी सटकली. अनफिट? मी? तीन मजले धावत चढलो, धावत उतरलो, मागे दोन नर्स किंचाळत! "देखो! देखो मेरा दिल!"

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम बघितला. म्हणाले, वर्षानुवर्षं लांब धावणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून नाडी सावकाश चालते. "लेकिन ये दौरे?"

"अरे, ऑफिस के! टूर, टूर!"

"भाईसाहब, हम दिल का दौरा पूछ रहे थे. हार्ट अटैक!"

सगळं हॉस्पिटल हसलं. फॉर्मवर शेरा पडला: हृदय उत्तम, हिंदीकडे लक्ष द्यावे. कंपनीनंही बजावलं, महिन्याभरात हिंदी सुधारा, नाहीतर सेल्स विसरा.

नाइलाजानं ताईच्या सातवीतल्या लेकीकडे शिकवणी लावली. पोरगी दिल्लीतच वाढलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मामा, चिडू नको. आपण रोज थोडी थोडी चेष्टा करू."

"माझी चेष्टा? तूसुद्धा?" पुस्तक आपटून मी तरातरा उठलो.

स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "अरे गाढवा, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न!"