बाईंच्या गाडीला आमच्या एसीचं पाणी

"आधी निवू द्या, मग हात लावा."

कॅन्टीनबाईंच्या तोंडून हे ऐकलं नाही असा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये नव्हता. चहा असो, कुकर असो, नवरा-बायकोचं भांडण असो, नाहीतर त्यांची स्वतःची जुनी गाडी असो. गाडी आणून उभी केली की बाई उतरायच्या, पुढे यायच्या आणि बॉनेटवर तळहाताची उलटी बाजू ठेवायच्या. पोराचा ताप बघतात तशी. मग गाडीलाच सांगायच्या, "पडून राहा आता गप."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात पिंपं उचलण्यात जन्म गेला. नटवून लिहिणं मला येत नाही, पाहिलं ते सांगतो. तुमच्या शेजारातही अशी एखादी बाई असेल. नसेल तर तुमचं नशीब फुटकं, दुसरं काय.

बाई अंबरनाथलाच एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होत्या. एवढ्या माणसांचा भात एका वेळी काढायच्या की घरी आल्यावर एकटीपुरता कुकर लावणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. सगळ्या बिल्डिंगला भात वाटायच्या. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. रिटायर झाल्यावर बदलापूर गावात आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहायला आल्या, तेव्हा सामान काय आणलं? तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे, बैलगाडीच्या चाकाएवढी परात आणि ही गाडी. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली. तो म्हणाला होता, "बाई, मख्खन है मख्खन."

"खोटं नाही हो बोलला," बाई सांगायच्या. "ऊन लागलं की वितळते."

गाडी सारखी तापायची. भर बाजारात बॉनेटमधून ढग निघायचे. लोक ओरडायचे, "मावशी, धूर! उतरा!" बाई आत मांडी घातल्यासारख्या निवांत. "धूर नाही रे, वाफ आहे. तुझ्या आईच्या कुकरमधून येते तीच."

आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या बायकोला दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, खोली गार ठेवा. म्हणून एसी बसवला. त्याची नळी खिडकीतून बाहेर काढलेली, आणि खिडकीच्या बरोबर खाली बाईंची गाडी. एसी लावला की पाणी गाडीच्या टपावर पडायचं. टप, टप, टप. पहिल्याच दिवशी बाई जिना चढून आल्या आणि दारातून म्हणाल्या, "तुमचा एसी माझ्या गाडीवर मुततोय."

बायको पलंगावर पडल्या पडल्या एवढी हसली, एवढी हसली की तिला धापच लागली. भांडायला आलेली बाई घाबरून तिच्या उशाशी बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. नंतर रोज दुपारी वर. दोघी काय बोलायच्या देव जाणे. मी आत गेलो की गप्प व्हायच्या.

वैशाखात बायको गेली. पाहुणे पांगल्यावर मी एसी बंद केला, त्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेर दिवाणावर झोपायला लागलो. कपडे दोरीवर, भांडी मोरीत, मी दिवाणावर. खाली उतरणंसुद्धा सोडलं.

पण त्या खोलीतल्या कपाटात माझं एक काम अडकलेलं होतं. बायकोने थोरल्या बहिणीसाठी गोधडी शिवली होती, त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्यांची. जायच्या आधी मला म्हणाली, "कुरिअर-बिरिअर करू नका. स्वतः जा आणि तिच्या अंगावर घालून या." बहीण राहते माळशेज घाट चढून गेल्यावर. तिचे गुडघे गेलेले, ती खाली येणार नाही. मी म्हटलं होतं, नेतो. वर्षश्राद्धाच्या आत पोचवायचीच असं मनात धरलं आणि वर्ष सरत आलं तरी दार काही उघडलं नाही.

कुणी विचारलं तर मी एसटीचं कारण द्यायचो. या वयात मला घडीघडीला उतरावं लागतं आणि एसटी कुणाच्या लघवीसाठी थांबत नाही. कारण खरंच होतं, पण अर्धंच.

बाईंनी ते ऐकलं. "एवढंच ना? मी नेते. माझी गाडी म्हणाल तिथे थांबते."

"घाट चढेल?"

"आधी पोट साफ करावं लागेल तिचं. आतलं पाणी कुजलंय."

गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, दोन दिवस गाडी सोडून जा. बाईंना राग आला. "आजारी माणसाला असं टाकून येतं का कुणी?" म्हणून मग घरीच, म्हणजे पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी. आणि हाताखाली मी. मला बोलवायला त्या वर आल्या नाहीत. खालून हाक मारत राहिल्या. शेवटी शेजारीपाजारी म्हणाले, काका, जा हो बाबा, आमचे कान गेले.

गाडी आदल्या दिवसापासून उभी, तरी बॉनेटवर हात ठेवून झाला. मग जुन्या टॉवेलने रेडिएटरचं झाकण उघडलं, खाली परात सरकवली आणि बूच काढलं. जे पाणी आलं ते बघून बाई म्हणाल्या, "कॅन्टीनचा संध्याकाळचा चहा." सोसायटीचा तांबडा कुत्रा लगेच हुंगायला आला. बाईंनी त्याला बिस्किटं देऊन स्वतःच्या घरात कोंडलं. "गाडी गार ठेवायचं हे कूलंट गोड असतं मेलं, आणि विषारी. चाटलं तर जाईल."

"गोड असतं हे तुम्हाला कसं कळलं?"

"डब्यावर लिहिलंय, भाऊ. जिवंत आहे ना मी तुमच्यासमोर?"

ते घाण पाणी झाकणाच्या डब्यात बंद करून ठेवलं. इथपर्यंत ठीक होतं. आता चांगल्या पाण्याने आतून धुवायचं, बस. पण बाईंमधली कॅन्टीनवाली जागी झाली. नुसत्या पाण्याने कधी टोप निघतो का, म्हणत त्यांनी भांडी घासायचा लिक्विड साबण रेडिएटरमध्ये ओतला.

"बाई, गाडीला साबण?"

"तुमच्या कारखान्यातल्या पिंपांपेक्षा मोठी पातेली घासलीत मी."

आणि गाडी चालू केली.

काय सांगू तुम्हाला. आधी एक बुडबुडा आला. मग मूठभर फेस. मग त्या गाडीच्या तोंडातून जो फेस सुटला तो थांबेचना. बॉनेटवरून उतरला, चाकांपर्यंत गेला, गेटकडे निघाला. बायका गॅलरीत आल्या. कुणीतरी वरून ओरडलं, "अगं, गाडी पिसाळली बघ!" मी हसलो. किती महिन्यांनी हसलो कुणास ठाऊक, माझाच आवाज मला ओळखू येईना.

सेक्रेटरी धावत आला. "मॅडम, पाणी एक दिवसाआड येतंय आणि तुम्ही गाडीला अभ्यंगस्नान घालताय?"

"माझ्या वाट्याचं पाणी आहे. मी दोन दिवस अंघोळ करणार नाही, झालं?"

"ते सोसायटीला परवडणार नाही, मॅडम," सेक्रेटरी म्हणाला. आणि स्वतःच एक बादली घेऊन आला.

फेस निघेपर्यंत तिन्हीसांज झाली. बादल्या मीच उचलल्या. हात दुखले, पण कामाचं दुखणं होतं ते. बरं वाटलं.

आता राहिलं भरायचं. कूलंट आणून ठेवलं होतं, त्यात निम्मं स्वच्छ पाणी घालायचं. बाई म्हणाल्या, नळाच्या पाण्याचा आत खार धरतो, एसीचं पाणी पाहिजे. आणि मान वर करून आमच्या खिडकीकडे बघितलं.

"उद्या एसी लावा, भाऊ."

"बंद आहे तो."

"बिघडलाय?"

"नाही."

बाई परात पुसायला लागल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला तो खालून कळायचा. तुम्ही पिशवी घेऊन बाजाराला निघालात, कोपऱ्यावर वळलात की टपटप बंद. परत येताना दिसलात की सुरू. वहिनी खिडकीतून नजर ठेवून असायच्या, हातात रिमोट. बिल वाढेल म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. मी भाजी निवडत बसायचो आणि ही बया इकडे घामात. माझं डोकंच फिरलं. "मूर्ख होती," मी म्हटलं.

"होत्याच. म्हणून मी खालून ओरडायचे, वहिनी, गाडी तापली, पाणी सोडा! मग लावायच्या. गाडीसाठी लावायच्या हो, स्वतःसाठी नाही."

दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं. खोलीत धूळ होती, बाकी काही नाही. रिमोटवरचं प्लॅस्टिक तिने काढू दिलं नव्हतं, ते तसंच. बटण दाबलं. खाली बाईंनी गाडी बाजूला घेऊन तेलाचा घासलेला डबा ठेवला होता. पत्र्यावर पहिला थेंब पडलेला वर ऐकू आला. मी उठायला लागलो तोच खालून आवाज, "आतच बसा! रिकाम्या खोलीत वीज जाळलेली वहिनींना चालायची नाही!"

बसलो. गार वाटायला लागलं म्हणून कपाट उघडलं, गोधडी काढली, अंगावर घेतली. तिच्याच पलंगावर झोप लागली. जाग आली ती बाईंच्या बोंबेने. "भाऊ, डबा भरून वाहतोय! आहात का गेलात?"

पाणी भरलं तरी काम संपत नाही. आत हवा अडकते, ती काढायला इंजिन चालू ठेवून हीटर पूर्ण सोडायचा. वैशाखातलं बदलापूरचं ऊन आणि त्यात हीटर. बाई पुढे झाकणाजवळ बुडबुडे बघत उभ्या, आणि आत मी, त्या सांगतील तेव्हा ॲक्सिलरेटर दाबायला. गॅलरीतून विचारणा झाली, "बाई, काकांनी काय गुन्हा केला?" मला डोक्यापासून घाम सुटला. त्या घामात मी पोटभर रडून घेतलं. कुणाला काही कळलं नाही. बाईंना कळलं असावं, कारण बुडबुडे थांबल्यावरही त्या बराच वेळ ओरडत राहिल्या, "अजून दाबा, अजून आहे हवा!"

घाटात गाडीच्या तापाचा काटा मध्यावरून हलला नाही. आम्ही थांबलो ते माझ्यामुळे. तिसऱ्यांदा उतरलो तेव्हा बाई म्हणाल्या, "भाऊ, माझा रेडिएटर दुरुस्त झाला. आता तुमचा बघा."

मी गोधडी बहिणीच्या अंगावर घातली. ती एकेका ठिगळावरून बोट फिरवत गेली आणि एका जागी थांबली. "हे आईचं बाजाराचं लुगडं." बाई बाहेर गेल्या. खिडकीतून बघितलं तर बॉनेटवर हात ठेवून पाठमोऱ्या उभ्या होत्या. बॉनेट काही तेवढं तापलं नव्हतं.

यंदाच्या थंडीत बाई झोपेतच गेल्या. भाचा आला, घर रिकामं केलं. तो गाडी चालू करत असताना मी वरून ओरडून सांगितलं, काट्यावर लक्ष ठेव. तो हो म्हणाला आणि घेऊन गेला. एक तेलाचा डबा तेवढा मी मागून घेतला.

आता उन्हाळा आलाय. मी दुपारी त्या खोलीत एसी लावून बसतो. बिल येतं, येऊ दे. पण खाली गाडी नाही, पाणी नुसतं जमिनीवर पडायचं, काही कळायचंच नाही. म्हणून खाली जाऊन डबा ठेवून आलो.

परवा सेक्रेटरीने हाक मारली. "काका, तुमचा डबा उपडा पडलाय. पाणी साठत नाहीये त्यात."

"माहीत आहे."

"सरळ करून देऊ?"

"राहू दे," मी म्हटलं. "वर आवाज येतो."