संजूचं गोठलेलं औषध

"बोन मॅरोचा रिपोर्ट आला. मल्टिपल मायलोमा," हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मी तो शब्द वहीत उतरवून घेतला. म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातला, रक्ताचाच कॅन्सर. माझा धाकटा भाऊ संजू शेजारी पाठ धरून बसला होता. आदिलाबादला त्याचं भाजीचं दुकान आहे. वर्षभर दुखणाऱ्या पाठीचा दोष तो टमाट्याच्या क्रेटना देत होता आणि आम्हीही ते मान्य करत होतो. तुम्ही करू नका.

पहिल्या उपचारांनंतर आजार उलटला. हृदय कमजोर, म्हणून डॉक्टरांनी लायपोसोमल औषध सुचवलं. याच्या अतिसूक्ष्म कणांना चरबीसारखं आवरण असतं. त्यामुळे औषध रक्तात जास्त वेळ टिकतं, आजारी पेशींपर्यंत जास्त पोहोचतं आणि हृदयाला झळ कमी बसते. थंड ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही.

डोस आदिलाबादच्या दवाखान्यात मिळणार होता. औषध मी हैदराबादहून आणायचं. यादी केली: फाइल, आइसबॉक्स, बर्फाच्या चार पिशव्या. निघताना संजू म्हणाला, "टमाट्याले बर्फ चिकटला का ते सडते, अक्का. कुपी अन् बर्फाच्या मधात कापड टाक."

"तू निस्ता पडून राय," मी म्हटलं.

उन्हाळा होता. चाराच्या आठ पिशव्या केल्या आणि कुपी कापडाशिवायच त्यांच्यात दाबून बसवली.

दवाखान्यात नर्सने कुपी उजेडाकडे धरून तिरकी केली. आतलं हललं नाही. "मॅडम, ये तो जम गया." कणांचं आवरण फुटलं असेल, असं म्हणत डॉक्टरांनी ते द्यायला नकार दिला. त्या नर्सची मी कायम ऋणी राहीन. तिने कुपी तशीच पुढे केली असती, तर मला कळलंही नसतं.

संजू हाताला सुई लावून पलंगावर वाट पाहत होता. सगळं ऐकून म्हणाला, "टमाटे असते तं चटणी तरी झाली असती."

दुसरी कुपी यायला नऊ दिवस लागले. त्या दिवसांत त्याच्या पाठीचा मणका खचला, पाय गेले. उशिरामुळेच असं म्हणता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणाले.

नंतर तीन डोस झाले. आजार थांबला नाही.

आता कोणतीही यादी मी आधी संजूपुढे ठेवते. तो पेन्सिलने काही खोडतो, काही वाढवतो. गेल्या आठवड्यात त्याने 'हैदराबाद' ही ओळ खोडली. मी ती पुन्हा लिहिली नाही.