राजाला कुठे हार घालतात?

डब्लिनच्या एका कलादालनात अठराव्या शतकातल्या एका राजाचं तैलचित्र आहे, पुरुषभर उंचीचं. अंगावर फरचा झगा, पायांत पांढरे मोजे, आणि डावा पाय असा पुढे काढलेला, की बघणाऱ्यानं पोटरीचं कौतुक करावं. शनिवारी मी आणि माझा नवरा त्याच्यासमोरच्या बाकावर बसायचो. मी माहितीची पाटी पुन्हा वाचायची, त्यानं पोटरीवर टिप्पणी करायची.

सासूबाई साताऱ्याहून आल्या, तेव्हा त्यांनाही नेलं. त्यांनी चित्राला हात जोडले आणि हळूच विचारलं, "गेले ना हे? मग हार कसा नाही घातला?"

"आई, राजाला कुठे हार घालतात? फ्रेम बघ केवढी सोनेरी. वर हार म्हणजे ओव्हर होईल."

एवढं बोलून त्यानं रेनकोट झग्यासारखा खांद्यावर टाकला, छत्रीचा राजदंड केला आणि डावा पाय पुढे काढून उभा राहिला. मी फोटो काढला. तिथला पहारेकरीही हसला.

नवऱ्याला जाऊन आता वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाच्या आधी भिंतीवर त्याचा फोटो लाव, असं सासूबाईंनी फोनवर सांगितलं. पासपोर्टच्या फोटोत चेहरा नीट आला होता, पण तो माणूस मला ओळखीचा वाटेना. तोच रोज समोर राहिला, तर पुढे मला तोच आठवेल, अशी भीती वाटली. छत्रीवाला फोटो खरा होता. पण श्राद्धासाठी असा फोटो आईला कसा दाखवायचा? दोन आठवडे विचार केला आणि एका रविवारी सकाळी पाठवून दिला.

लगेच फोन आला. "अगं, हे काय सोंग?"

मग पलीकडून हसू ऐकू आलं. "चौथीत गॅदरिंगला राजा झाला होता. तेव्हाही हाच पाय! बाई पडद्यामागून ओरडत होत्या, पाय आत घे म्हणून." नाक ओढून त्या म्हणाल्या, "हाच लाव."

"आणि हार, आई?"

"राजाला कुठे हार घालतात?"

आता तो डब्लिनच्या सँडीफोर्ड भागातल्या आमच्या घरात, माझ्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी उभा आहे. फ्रेम मी सोनेरीच घेतली. जरा ओव्हर झालीय.