नाव कुणी बदलायचं?

त्या कंपनीच्या माणसाला मी आजही शिव्या घालते, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

सांगलीच्या पूर्वेला आमची द्राक्षबाग आहे. थोरले दीर गेल्यापासून ती जाऊबाई एकट्या बघतात. पानं फार वेळ ओली राहिली की डावणी येते, आणि हा रोग घडांवर उतरला की वर्ष हातचं गेलं. औषध वेळेत मारावं लागतं. म्हणून मी, संगणकाच्या नोकरीतली धाकटी जाऊ, बागेतल्या ओलावा मोजणाऱ्या यंत्रात एक छोटा प्रोग्राम बसवला होता. पानं ओली राहिली की तो ‘सेंड’ नावाच्या माझ्याच दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारायचा, आणि ‘सेंड’ जाऊबाईंच्या मोबाइलवर भोंगा वाजवायचा. दोन हंगाम सुरळीत चाललं.

फळछाटणीनंतर यंत्राच्या कंपनीचा माणूस आला आणि नवं सॉफ्टवेअर घालून गेला. त्या गाठोड्यात त्यांचाही एक ‘सेंड’ होता. तो आला तसा रांगेत माझ्या ‘सेंड’च्या पुढे जाऊन उभा राहिला. हाक मारली की त्या नावाचा जो पहिला सापडेल, त्यालाच संगणक काम देतो. गावात एका नावाचे दोघे असले तर पोस्टमनसुद्धा विचारतो, मळ्यातला का वेशीजवळचा? हे यंत्र विचारत नाही. धुक्याच्या त्या आठवड्यात माझा प्रोग्राम इमानेइतबारे हाका मारत होता, आणि कंपनीचा ‘सेंड’ सगळे इशारे पुण्याला कंपनीच्या संगणकात नेऊन टाकत होता. तिथं ते कुणी वाचत नव्हतं. इकडे जाऊबाई मोबाइल उशाशी ठेवून निर्धास्त होत्या.

घड तपकिरी पडले तेव्हा कळलं. जाऊबाई एकेक घड उलटून बघत होत्या. मी यंत्र तपासलं आणि त्या माणसाला फोन लावला.

“मॅडम, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काही प्रॉब्लेम नाही. तुमच्या प्रोग्रामचं नाव बदला की.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. चोर तर चोर, वर शिरजोर! नाव बदलणं काय असतं ते मला शिकवतो? रहिमतपूरहून लग्न होऊन आले तेव्हा माझं आणि जाऊबाईंचं नाव एकच निघालं. एका घरात एका नावाच्या दोघी कशा, म्हणून ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. मला कुणी विचारलं नाही. तिथं मी नंतर आले म्हणून माझंच नाव बदलायचं, आणि इथं माझा ‘सेंड’ आधीपासून आहे तरी त्याचंच नाव बदलायचं. हा कुठला न्याय?

संध्याकाळी फणफणत लॅपटॉप उघडला. जाऊबाई बागेतून येऊन पायरीवर बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं.

“दुसरा मार्ग न्हाई व्हय?” त्यांनी विचारलं.

“आहे. नुसतं नाव नाही घ्यायचं. कुठल्या घरातला, तो पत्ता लावून हाक मारायची. मग दोघंही आपापल्या नावानं राहतात.”

“मग तसंच कर. बदलू नगंस.” त्यांनी हाताला लागलेली माती चोळून झटकली. “तवा बी तसंच करायला पायजे हुतं. थोरली, धाकटी म्हणलं असतं तरी भागलं असतं की.”

मग त्यांनी मला माझ्या माहेरच्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच नावानं हाक मारली, आणि म्हणाल्या, “च्या टाक जरा.”