पांढऱ्या रंगातल्या गाठी

पेटीकाकांना नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. काचेच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: लाकडी पेट्या ठोकायच्या, आत पेंढा भरायचा आणि काच अशी बसवायची, की मुक्कामी पोचेपर्यंत तिला प्रवास झाल्याचं कळू नये.

जुन्या पेट्यांच्या फळ्या कारखाना जाळून टाकायचा. काकांचा जीव तुटायचा. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी त्या फळ्या घरी आणल्या, रंधा मारला, गडद तपकिरी पॉलिश केलं आणि बाहेरच्या खोलीच्या चारही भिंतींवर जमिनीपासून छतापर्यंत ठोकल्या. शेजारीपाजारी बघायला आले. "अगदी आगबोटीतली केबिन हो!" काका फुलून गेले. काकू म्हणाल्या, "दिवा लावा, म्हणजे मलाही दिसेल."

पुढची तीस वर्षं त्या हे भर दुपारी बाराला म्हणत राहिल्या आणि काका तीस वर्षं दिवा लावत राहिले. त्यात काही तक्रार असेल, असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. बाळ झालं, पालथं पडलं, रांगलं, धरून उभं राहिलं. काकू तिथंच. भांडण नाही, तंटा नाही. एकदा काकांनी फोनवर विचारलं, "कधी येतेस?"

"इथं दिवसा सुईत दोरा ओवता येतो हो," काकू म्हणाल्या. "त्या पेटीत परत यायला मन घेत नाही."

"बरं," काका म्हणाले. फोन ठेवला. भाजी चिरली. राग आला नाही, रडू आलं नाही. पाय मुडपून फार वेळ बसलं, की मुंग्यासुद्धा कंटाळून निघून जातात आणि पाय नुसता ओंडका होतो. काकांचं सगळंच तसं झालं होतं. आठवडाभर त्यांनी भाजीत मीठ आहे की नाही, हेही पाहिलं नाही. आठव्या दिवशी ते उठून रंगाच्या दुकानात गेले.

"पांढरा? लाकडाला?" दुकानदार म्हणाला. "काका, बरं आहे ना?"

"बरं आहे."

"मग आधी पॉलिश घासून काढा. प्रत्येक गाठीवर लाखेचं पॉलिश लावा, नाहीतर लाकडातला चीक रंगातून वर येतो. मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात."

"चौतीस वर्षं लाकूडच ठोकलंय मी."

"ठोकलंय हो. रंगवलंय कुठं?"

लाख त्यांनी घेतली नाही. तीस वर्षं गप्प बसलेल्या गाठी आता काय बोलणार!

घासता घासता एका फळीवर जुनी शाई दिसू लागली: 'काच आहे. जपून.' अक्षर त्यांचंच, उलटं ठोकलेलं. काकांनी मान वाकडी करून वाचलं आणि प्रायमरचा ब्रश त्यावरूनही फिरवला.

"अहो काका, खिडकी उघडा!" शेजारीण दारातून ओरडली. "वासानं आमची डोकी उठलीत!"

"वास येतोय?" काकांनी विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

पाचव्या दिवशी खोली दुधासारखी झाली. सहाव्या दिवशी सकाळी पाहतात तो भिंतभर पिवळे डाग, जणू कोणी ओल्या बोटांनी चहा शिंपडलाय. गाठी वर आल्या होत्या. एवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. लपवायला जागाच नव्हती. चारही बाजूंना भिंती होत्या.

"आई, बघ ना, बाबांनी काय केलंय!"

काकूंनी चष्मा लावला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भिंत पाहिली. मधे नातवानं फोन चाटला.

"दिवा लावलाय?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"तरी दिसताय की. किती रोडावलात!" मग चष्मा पुढं आला. "आणि ते पिवळं काय?"

"गाठी. लाख लावायची होती. दुकानदार म्हणाला होता."

"आणि तुम्ही ऐकलं नसणार."

"नाही."

"आता वर आणखी थापू नका. मी येईपर्यंत ब्रशला हात लावायचा नाही. कळलं?"

"बरं," काका म्हणाले.

हुकूम पाळायची त्यांना सवय होती. ते स्टुलावर बसून राहिले. दुपारी शेजारीण डोकावली.

"अहो, तो ब्रश बघा, वाळून दगड होतोय! टर्पेंटाइनमध्ये तरी बुडवा."

"हात लावायचा नाही."

"कोणी सांगितलं?"

"हिनं. म्हणाली, मी येईपर्यंत..." काका थांबले. "मी येईपर्यंत, म्हणाली ती."

काकांनी नाक मुरडलं.

"काय उग्र वास सुटलाय हो," ते म्हणाले आणि खिडकी उघडायला उठले.