तिसऱ्या खान्यातली चूल

नवरा गेला तवा पोरगी चवथीत होती. वर्सभरानं दीर म्हणले, "वयनी, पोरीला शाळंतून काढा, शेतात हात लागंल." मी न्हाई म्हणलं. मग त्याच घरात, मागच्या पडवीत माझी चूल वेगळी मांडली. अंगण एक, दार एक, घराचा नंबर एकच, चुली दोन. लोकाच्या शेतात हळद काढली, शिजवली, पण पोरीला बारावीपतोर शिकवलं.

पुढं ती वसमतला, तालुक्याच्या गावी, कंप्युटर शिकली. दोन हजार सालाच्या मागंपुढं तिथल्याच एका सेंटरात महिनाभर बघण्यापुरतं तिला कामावर ठेवलं. सेंटरातले सर म्हणले, गावागावांतल्या माणसांच्या याद्या घरानुसार लावून दे. बराबर निघाल्या तर ठेवतो, न्हाई तर दुसरी बघतो.

महिना सरायला तीन दिवस होते. मी बाजाराला गेले अन् सेंटरात डोकावले. पोरगी डोकं धरून बसलेली.

"माय, माणसं गायब होऊन राहिलीत. फाइलीत हायेत, यादीत न्हाईत."

"मला सांग, काय केलंस ते."

"तुला काय कळणार हाय त्यातलं?"

"तुला तरी कुठं कळून राहिलंय?"

तिच्यासंगं काम करणारी बाई फसकन हसली. मग पोरगीनं सांगितलं. फाइलीत एका ओळीला एक माणूस. तिनं पर्ल नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिला होता. तो एकेक ओळ वाचायचा, तिचे खान्या-खान्यानं, म्हंजे रकान्यानं, तुकडे करायचा अन् डब्यात डबा ठेवल्यावानी लावायचा. गावाच्या डब्यात घरं, घराच्या डब्यात माणसं. माणसाच्या डब्यावर त्याचा नंबर: एक, दोन, तीन.

"आपलं घर वाच बरं."

"एक नंबरला तू. दोनला मी. तीन, चार, पाच काकाची लेकरं."

"अन् काका-काकू?"

"न्हाईत."

"म्हंजे मी दिराला घराबाहेर काढलं व्हय? त्यांला सांगू नको, खरंच वाटंल."

हसणं झालं, पण मला शाळंतले मास्तर आठवले. याच यादीसाठी माणसं लिहून घ्यायला आले तवा आधी दिराच्या चुलीपाशी बसले, मग माझ्या. माझ्यापाशी त्यांनी नंबर पुन्हा एकपासून धरला. आकडे मला वाचता येतात. मी म्हणलं, "तुझ्याकडं दोन एक नंबर आलेत. एकाच नंबराच्या डब्यात दुसरं माणूस टाकल्यावर पयलं कुठं राहतं?"

तिनं फाइल उघडली. तिसऱ्या खान्यात चुलीचा नंबर होता.

"वरच्या साऱ्या ओळीत एकच एक होतं माय. काही कामाचा न्हाई म्हणून मी तो खानाच सोडून दिला."

"तू सोडलास? दुसऱ्या चुलीवर वाढलेली पोरगी तू."

तिनं खुर्ची वढली अन् लिहायला बसली. आता गावात घर, घरात चूल, चुलीत माणसं. चालवून बघितलं. दीर-जाऊ परत आले, तरी काही माणसं बिननंबराच्या डब्यात जाऊन पडली. त्यांच्या ओळीत चुलीचा खाना रिकामा होता.

"सगळ्यांला एक नंबर टाकू का?"

"मनानं टाकू नको. कागद काढ."

मास्तरांचे कागद लई होते. दोन दिवस मी एसटीनं तिच्यासंगं गेले. बोट ठेवून मी आकडा सांगायचे, ती फाइलीत भरायची. पाठ धरली, डोळे चुरचुरले. ती म्हणली, "माय, थोडं पड." मी म्हणलं, पुढचं घर सांग.

तिसऱ्या दिवशी सरांनी आमच्या गावाच्या फाइलीतल्या ओळी मोजल्या, यादीतली माणसं मोजली. दोन्ही आकडे जुळले.

"ही चूल मधी कशाला घातली? घर तर एकच हाय."

"घर एक असलं तरी कुटुंबं दोन हायेत, सर."

सरांनी यादी पुन्हा वरपासून खालवर बघितली. म्हणले, "सोमवारी दहाला ये. उशीर चालणार न्हाई."

ती बाहेर आली. "माय, ठेवलं. पण आधी लावलेली अजून बारा गावं हायेत, त्यांच्या याद्यांतबी मी तो खाना सोडलाय."

मी म्हणलं, "मग लाग की."