डालग्यावरचे दोन धोंडे

डालग्यावर धोंडा ठेवायचा तो वाऱ्यासाठी आणि कुत्र्यांसाठी. पाण्यासाठी नाही. पाण्याची वाट बघण्यातच आमच्या माणसांचा जन्म गेलेला. ते आपल्यावर चालून येईल असा विचार कुणाच्या डोक्यात कशाला येईल?

डालगं म्हणजे निरगुडीच्या फोकांची विणलेली मोठी टोपली. ती पालथी घालायची. बा मेंढरं घेऊन दिवसभर माळावर जायचा. आठ-पंधरा दिवसांच्या कोकरांना तेवढं चालवत नाही, आणि मोकळी सोडली तर ती आयांच्या मागं धावतात. म्हणून मेंढरं निघाली की कोकरं डालग्याखाली झाकायची, वर एक धोंडा ठेवायचा आणि घरातल्या एकानं जवळ बसून राहायचं. संध्याकाळी मेंढरं परतली की डालगं उचलायचं. मग असा कालवा उठायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण त्या कालव्यात एकेक कोकरू आपल्याच आईखाली बराबर जाऊन लुचायचं.

मी हे लिहिते आहे ती घरापासून फार लांब, कोल्हापूरकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात. इथं मी स्वयंपाक करते. माझी शाळा चौथीतच सुटली. मुलींनी टाकून दिलेली पुस्तकं वाचत राहिले म्हणून अक्षर हातात राहिलं. त्या मुलींचे उपकार आहेत. हे लिहिलेलंही त्यातल्याच एकीनं तपासलं आहे, तरी चुका राहिल्या तर त्या माझ्या.

आभाळ भरून आलं की मी दोनदा-तीनदा मागच्या नाल्याकडं जाऊन येते. मुली हसतात. "मावशी, नाला कुठं पळून चाललाय का?" दुधाच्या पातेल्यावर मांजरासाठी वरवंटा ठेवा म्हणतात. मी ठेवत नाही. मीच पातेल्यापाशी बसून राहते. का, ते इथं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात आमची बहुतेक मेंढरं गेली. काही विकली, काही चाऱ्यावाचून खाली बसली ती उठलीच नाहीत. माय आणि बा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, आम्ही तिथं मिळणारी सरकारी सुकडी खाऊन दिवस काढले. दुष्काळ सरल्यावर उरल्यासुरल्या मेंढ्यांवर बानं पुन्हा कळप उभा करायला घेतला. दोन-तीन वर्षांनी एकाच आठवड्यात सहा कोकरं झाली आणि सहाही जगली. त्यातल्या चार माद्या. बा सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडं बघत बसायचा. मला म्हणायचा, "हा कळप भरला की तू मोकळी. बाजाराच्या गावाला, गोरेगावला पाचवीत घालतो तुला." माझ्या शाळेचा सगळा हिशोब त्या डालग्याखाली होता, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

पोळा होऊन महिना झाला होता. पाऊस उघडला होता. ओढ्याकाठच्या एका शेतकऱ्यानं रब्बीसाठी रान मोकळं ठेवलं होतं. पेरणीआधी खत पडावं म्हणून त्यानं मेंढरं बसवायला बाला बोलावलं. मेंढरं रात्री रानात बसवायची, बदल्यात ज्वारी घ्यायची, ही आमची नेहमीची रीत. पाल कुठं ठोकायचं यावरून मायचं आणि बाचं थोडं झालं.

"काठाला नको अवो. वरच्या बांधाला उतरू."

"पाऊस गेला आता. तुज्या भावाच्या गावाला गेला बग."

"माज्या भावाच्या गावाला गेला आसंल तं जेवून-खाऊन माघारी येईल. तुमच्यावानी रुसून बसनार न्हाई."

बा हसला आणि पाल काठालाच ठोकलं. काठाची माती मऊ होती, खुंट्या लवकर बसायच्या.

गावातली शाळा मारुतीच्या देवळात भरायची, उंचावर. माय पालाजवळ असली की मी शाळेत जायची, माय कामाला गेली की मी कोकरांपाशी. त्या दिवशी दिपोटी येणार होते. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना आमच्याकडं सगळे दिपोटीच म्हणायचे. गुरुजींनी मला सांगून ठेवलं होतं, धडा तू वाचायचा. दिपोटी खूश झाले की मी तुझ्या बाशी बोलतो. आणि नेमका तोच गोरेगावच्या बाजाराचा दिवस. मायला लोकर विकायची होती, दळण आणायचं होतं. धाकटा भाऊ तिच्या कडेवर.

"आजच जायचं व्हय?" मी म्हटलं.

"पीठ न्हाई चिमूटभर. बा काय खाईल?"

"दिपोटी येनार हाय. गुर्जी म्हनले, तूच वाच."

"उद्या वाच."

"उद्या दिपोटी नसतेत, माय."

"मंग त्याला म्हनावं, इकडंच ये रानात. कोकरं बी ऐकतील धडा." ती हसली, पण निघताना मागं वळून म्हणाली, "हलू नको बाई इथून. दुपारच्या आत येते."

दुपार झाली. बाभळीची सावली बुंध्यापाशी आली. वाटेवर माय दिसेना. आभाळात ढगाचा एक तुकडा नव्हता. पाय मोकळे करायला सोडलेली कोकरं मी एकेक करून पुन्हा डालग्याखाली घातली आणि धोंडा ठेवला. मग वाटलं, जवळ कुणी नाही, कुत्रं आलं तर डालगं लोटून देईल. म्हणून बांधावरचा आणखी एक धोंडा लोटत आणला आणि पहिल्याशेजारी चढवला. त्याला माझा सगळा जोर लागला. कोकरांच्या काळजीनंच ठेवला, खोटं कशाला सांगू. पाटी काखेत मारली आणि पळाले.

देवळात शिरले तर मागून कुणीतरी हळूच "बेंऽऽ" केलं. ते रोजचंच होतं. गुरुजींनी मला पुढं उभं केलं. धडा मिठाचा होता, समुद्राचं पाणी वाफ्यात घेऊन मीठ कसं करतात त्याचा. मी न अडखळता वाचला.

"कुणाची गं तू?" दिपोटींनी विचारलं.

"मेंढक्याची."

"पाचवीला जाणार ना?"

"बा म्हनला, कळप भरला की."

ते हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. तेवढ्यात देवळाचं दार आपटलं.

आधी नुसता वारा. धुळीनं समोरचं घर दिसेनासं झालं. मग गारा, आणि गारांच्या मागोमाग पाऊस, पडत नव्हता, कुणी हंडे ओतावेत तसा आडवा येत होता. मी दाराकडं धावले. गुरुजींनी दंड धरला. मी त्यांच्या हाताला चावले. तरी त्यांनी सोडलं नाही.

"कोकरं, गुर्जी! कोकरं!"

"कोकरांचं बघू. तू गेलीस तर तू राहायची नाहीस."

माझ्या वाटेवरचं लिंबाचं झाड मुळासकट आडवं झालेलं मी नंतर पाहिलं. गुरुजींच्या मनगटावर माझ्या दातांचा वण बरेच दिवस होता. त्या माणसाचे आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले.

पाऊस उणावल्यावर गुरुजी स्वतः माझ्याबरोबर आले. ओढा गर्जत वगैरे आला नव्हता. पुढच्या वळणावर झाडं आणि काटेकुटे अडकून तुंबला होता आणि सगळं पाणी गुपचूप मागं, रानात पसरलं होतं. पाल नव्हतं, भांडी नव्हती. कमरेएवढ्या पाण्यात माय उभी होती, भाऊ तिच्या खांद्यावर. ती नुकतीच पोचली असावी. बाजारातून आणलेलं पिठाचं गाठोडं डोक्यावर तसंच भिजत होतं. तिच्यासमोर पाण्याबाहेर दोन धोंड्यांची टोकं दिसत होती, एकाला एक लागून. डालगं जिथं ठेवलं होतं तिथंच होतं, तसूभर हललं नव्हतं.

गुरुजींनी पाण्यात जाऊन भावाला घेतलं आणि ते बांधावर येऊन थांबले. मी छातीएवढ्या पाण्यातून मायपाशी गेले. मायनं माझ्याकडं बघितलं, धोंड्यांकडं बघितलं. त्यातला एक धोंडा तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि लांब पाण्यात फेकला. ती नेहमी एकच ठेवायची, हे बाला माहीत होतं.

तेवढ्यात मेंढरं वरच्या बांधाला आली आणि बा तसाच पाण्यात उतरला. त्यानं उरलेला धोंडा काढला. धोंडा निघाल्याबरोबर डालगं आपसूक वर आलं आणि तरंगायला लागलं. जवळ कुणी असतं तर एवढंच लागत होतं.

"कोन व्हतं इथं?" बानं विचारलं.

"मी," माय म्हणाली. "पोरीला शाळंत म्या धाडलं. डालगं झाकलं आन् बाजारला गेले."

"कोकरं एकली सोडून?"

"व्हय."

मी तोंड उघडलं. पाण्याखाली मायनं माझं मनगट पकडलं ते इतकं घट्ट, की मी तोंड मिटलं. बांधावर गुरुजी भावाला छातीशी धरून उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं.

मेंढ्या डालगं हुंगत फिरल्या. तीन दिवस ओरडल्या. सड फुटायला आले तेव्हा माय एकेकीला धरून दूध जमिनीवर पिळायची. चिखलात ते पांढरं पाणी थोडा वेळ वेगळं दिसायचं, मग मिसळून जायचं. मी बाजूला उभी राहायची. माय म्हणायची, "धर गं नीट, लाथ मारंल."

दिवाळीनंतर गुरुजी आले. आम्ही तेव्हा माळावर उतरलो होतो. मायनं कोरा चहा केला.

"दिपोटींनी पोरीचं नाव लिहून नेलंय," गुरुजी म्हणाले. "तिला पाचवीत घाला. मी गोरेगावच्या हेडमास्तरांशी बोलतो."

"पोरीचं काई न्हाई गुर्जी," बा म्हणाला. "पोरगी चांगली हाय. पन हिच्या मायवर आता कोकरं सोडता येत न्हाईत. सहा जिवांचा घात केला तिनं. राखायला पोरगीच लागंल."

गुरुजींनी मायकडं बघितलं. मायनं मान हलवली न हलवलीशी केली आणि चहाचा कप पुढं केला. मग गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी सहा शब्द बोलले असते तर बास होतं. बानं मला मारलं असतं, दोन दिवस बोलला नसता, पण मायवर त्याचा भरवसा राहिला असता. माय कोकरं राखत बसली असती आणि मी कदाचित पाचवीत गेले असते. हे मला त्याच वेळी कळलं होतं, दहा वर्षांच्या पोरीला जेवढं कळतं तेवढं. तरी मी खाली बघत बसले. भ्याले. मायनं मला वाचवलं आणि त्यातच माझी शाळा गेली, आणि दोन्ही वेळा मी गप्प होते.

बा वाईट नव्हता. त्यानं मायवर हात टाकला नाही. पण आभाळात ढग आला की तो म्हणायचाच, "काय, जायचं का बाजारला?" पाहुण्यांसमोर, सुनेसमोर, कुठंही. माय म्हणायची, "चला की, तुमी बी चला." लोक हसायचे. मी लग्न होऊन इकडं आले, माहेरी वर्षा-दोन वर्षांनी जायची. दर वेळी एसटीत बसताना ठरवायची की या खेपेला बाला सांगायचं. घराअलीकडच्या वसमतपर्यंत सगळे शब्द तयार असायचे. घरी पोचले की बा विचारायचा, "लेकी, तकलीफ न्हाई ना काई तिकडं?" आणि मी म्हणायची, "न्हाई बा."

बा गेला तेव्हाही तो मायलाच दोषी धरून गेला.

त्याच्या तेराव्यानंतर एका दुपारी मी आणि माय ओसरीवर गहू निवडत बसलो होतो. पाऊस येऊ घातला होता. मी ताट बाजूला ठेवलं.

"माय, त्या दिवशी डालग्यावर धोंडे म्या ठिवले व्हते."

"काई बी. म्या ठिवला. येकच व्हता."

"दोन व्हते. येक तू पान्यात फेकलास."

"तू कुटं व्हतीस बगायला? तू शाळंत व्हतीस. म्याच धाडलं व्हतं ना तुला."

"तू न्हाई धाडलंस, माय. तू म्हनली व्हतीस, हलू नको."

तिनं गव्हातला एक खडा उचलून अंगणात टाकला. तिला खरंच विसर पडला होता, की ती अजूनही मला बापासून लपवत होती, हे मला कळेना. बा तर आता नव्हता. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती गहू निवडत राहिली. मग म्हणाली,

"काय वाचलंस गं त्या दिवशी?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. समुद्राचं पाणी वाफ्यात कोंडतात, ऊन लागून पाणी उडून जातं आणि खाली मीठ उरतं.

"पान्यातून मीठ निगतं?"

"व्हय माय."

"आन् हे तू दिपोटीला वाचून दावलंस? न अडखळता?"

"व्हय."

तिनं हात थांबवला. ओसरीच्या पत्र्यावर पहिले थेंब वाजायला लागले होते.

"मंग बरं झालं," माय म्हणाली, "म्या तुला धाडलं ते."